अब्बांचं तेल

वजीर पिंपरीच्या कंपनीतली फिटरची नोकरी सोडून कुवेतला गेला, तेव्हा त्याची लेक मुमताज आठ महिन्यांची होती. वर्षभराने त्याने गावाकडे परतणाऱ्या एका सोबत्याबरोबर जैतूनच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाचा डबा पाठवला. चिठ्ठीत बायकोला लिहिलं होतं, ‘शमीम, इकडे ताट वाढून झालं की वरून हे तेल सोडतात. पोरीच्या डाळीवर रोज थोडं सोड.’

सासू खैरुन्निसा हसली. "अगं, हे गुडघ्याला चोळायचं. डाळीवर कसलं?"

शमीमने मात्र त्या दिवसापासून मुमताजच्या डाळभातावर चमचाभर तेल सोडायला घेतलं. म्हणायची, "हे अब्बांनी वाढलं बरं का." पोरीने आधी तोंड वाकडं केलं, मग अशी सवय लागली की अब्बांनी वाढल्याशिवाय घास घेईना. भिंतीवरच्या वजीरच्या फोटोकडे ती ढुंकून बघत नसे, पण बापाचं नाव रोज दोन वेळा तोंडात येई. शमीमला तेवढंच पुरे होतं.

चार महिन्यांत डबा संपला. निम्मं तेल सासूच्या गुडघ्यांत जिरलं होतं. तिकडून येणारं कोणी नव्हतं, आणि पोर ताटापुढे ओठ मिटून बसलेली. शमीमने घाण्याचं शेंगदाणा तेल आणून त्याच डब्यात ओतलं. पोरीने पहिल्यापेक्षा चवीने खाल्लं. हे पत्रात लिहायचं तरी कसं? राहूनच गेलं.

मुमताज साडेतीन वर्षांची असताना वजीर चाळीस दिवसांच्या रजेवर आला. पोर आजीच्या पाठीमागे लपली. घरी येणारा प्रत्येक पुरुष तिचा चाचा. "हे चाचा कधी जाणार?" तिने आजीला विचारलं. वजीरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी दुपारी त्याने बॅगेतून नवा डबा काढला. "आज मी वाढतो."

शमीमला सांगायचं होतं, पण तोवर त्याने भातावर तेल सोडलंही होतं. मुमताजने घास घेतला आणि थुंकला. "हे अब्बांचं तेल नाही." उठून तिने फळीवरचा जुना डबा दोन्ही हातांनी कवटाळून आणला.

वजीरने झाकण काढून वास घेतला. शमीमकडे पाहिलं. "कधीपासून?"

"दीड वर्ष होईल," ती खाली बघत म्हणाली.

"माझ्या गुडघ्यांनी प्यायलं तुझं तेल," खैरुन्निसा मध्ये पडली. "तिला काही बोलू नकोस."

लेकीचा भात बदलून वजीरने जुन्या डब्यातलं तेल वरून सोडलं. मुमताज जेवू लागली. पाहुण्याला समजावून सांगावं तसं तिने त्याला सांगितलं, "हे अब्बांनी वाढलं."

"हो का? कसे आहेत तुझे अब्बा?"

"चांगले आहेत. ते तिकडे असतात."

"हो," वजीर म्हणाला. "तिकडेच असतात."

शमीम भाकरी टाकायला म्हणून उठली. पीठ अजून मळायचंच होतं.