थोरल्याचा रंग

माझ्या दुकानाची रस्त्याकडची भिंत आजवर किती वेळा रंगली ते विचारू नका. नखाने उकरलंत तर लाल लागेल, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली पिवळा, आणि अगदी तळाशी माझ्या सासऱ्यांच्या वेळचा हिरवा. आमच्या पाल्मा सेका गावचा पोरगा वर अमेरिकेत ज्या संघाकडून बेसबॉल खेळतो, त्या संघाचा रंग नेरेइदाच्या भिंतीला. नेरेइदा म्हणजे मी. त्या संघाचं शहर नकाशात कुठे आहे, तिथे बर्फ किती पडतो, याच्याशी आम्हाला काडीचं देणंघेणं नाही. संघाचं नावसुद्धा आमच्या जिभेवर बसत नाही. आम्ही म्हणतो 'हिरवेवाले', 'लालवाले'. एकदा एका गोऱ्या पाहुण्याने विचारलं, बाई, इतक्या दूरच्या संघासाठी तुम्ही घसा का कोरडा करता? मी म्हटलं, अहो, लेक दिलीय त्या घरात! मग तिथल्या मांजरालासुद्धा आपण 'बरी आहेस ना' विचारतो.

नियम एकच. एका वेळी गावची दोन पोरं वर खेळत असली, तर भिंत थोरल्याची. त्याने स्वतःच्या तोंडाने 'माझं झालं' म्हणून हातमोजा खाली ठेवेपर्यंत धाकट्याचा रंग लागत नाही. हा नियम मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. चीचोची झाली.

थोरला म्हणजे मिरेयाचा विल्तोन. तो कॅचर. फलंदाजाच्या मागे सगळा सामना उकिडवा बसून चेंडू झेलणारा. वर्षानुवर्षं अशी बैठक मारली की गुडघ्यांचा भुगा होतो. लालवाल्यांनी त्याला हवा तेवढा वापरला आणि चौतिसावं लागल्यावर मे महिन्यात एका सकाळी नारळ दिला. धाकटा म्हणजे झुनिल्दाचा योएल्विन. बावीस वर्षांचा, मैदानाच्या मध्यावर हरणासारखा पळणारा, निळेवाल्यांचा लाडका.

मिरेया आणि झुनिल्दा माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एकाच पत्र्याखाली बसायच्या. मिरेया मासे तळते, झुनिल्दा कच्च्या केळ्याचे काप. विल्तोनच्या बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेऊन उभी राहिलेली त्याची धर्ममाता झुनिल्दाच. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहीण देव देतो, कोमाद्रे आपण निवडतो.

विल्तोनला काढल्याची बातमी आली त्याच आठवड्यात चीचो दुकानात उगवला. हा मोटारसायकलवर माणसांची ने-आण करतो आणि उरलेल्या वेळात गावाला अक्कल शिकवतो, मला तर 'डोन्या' म्हणजे 'बाईसाहेब' असा मान देऊन.

"डोन्या नेरेइदा, लालवाल्यांनी आपल्या पोराला हाकललं. आता लाल भिंत ठेवणं म्हणजे लाथ खाऊन वर पाय चाटणं."

"बरोबर," मी म्हटलं. "म्हणून मी तिला चुना मारणार. पांढरी राहील."

"पांढरी कुणाची?"

"कुणाचीच नाही. विल्तोनला दुसरं कुणी घेईपर्यंत."

"चौतीस वर्षांच्या कॅचरला कोण घेतंय? त्याचे गुडघे वाजतात ते इथवर ऐकू येतात!"

"तुझी मोटारसायकल त्याहून वाजते. तरी लोक तिच्यावर बसतातच ना?"

दुकानातले सगळे हसले, पण चीचो ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यात योएल्विनने गावाला एक पिंप पाठवलं. तिकडे गेलेली पोरं पाठवतात तसंच; पण त्यात तेल-साबणाऐवजी काठोकाठ निळ्या टोप्या. उगवत्या सूर्याला नमस्कार करायला आमचं गाव कधी मागे राहिलेलं नाही. दोन दिवसांत पाद्रीबाबा सोडले तर झाडून सगळ्यांच्या डोक्यावर निळं. योएल्विनचा काही दोष नाही, पोरगं मनाने चांगलं. पण गरज सरो वैद्य मरो हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जी माणसं विल्तोनच्या नावाने मेणबत्त्या लावायची ती आता त्याचं नाव काढलं की "हो हो, चांगला होता" म्हणायची. होता!

मी दाढ काढायला राजधानीला गेले. सुजलेला गाल धरून संध्याकाळी परत येते तो भिंत निळी. बादली, ब्रश आणि चीचो तिथेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! मला तोंड उघडता येत नव्हतं याचा त्याने फायदा घेतला.

"रागावू नका, डोन्या. थोरल्याचं झालंच होतं. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

कुणीतरी नाही रे गाढवा, त्याने स्वतः म्हणायला हवं होतं! असं मी म्हटलं, पण त्या गालातून जे बाहेर पडलं ते कुणाला कळलं नाही. रस्त्यापलीकडे मिरेया उभी होती. ती झुनिल्दाकडे वळली.

"कोमाद्रे, तू इथेच होतीस ना?"

"होते," झुनिल्दा म्हणाली. तिच्या डोक्यावर निळी टोपी होती.

"आणि बघत बसलीस."

"मी रंगवा म्हटलं नाही."

"नको असंही म्हटलं नाहीस. माझ्या पोराला जिवंतपणी पुरलंत तुम्ही. आणि माती लोटताना त्याची धर्ममाता हजर."

दुसऱ्या दिवशी झुनिल्दाने आपली चूल उचलली आणि माझ्या दुकानाच्या सावलीत आणून मांडली. इतक्या वर्षांत त्या दोघींमध्ये पहिल्यांदा रस्ता आला. मी चुन्याची बादली घेऊन भिंतीला भिडले, तर मिरेयाच आडवी आली. "राहू दे, नेरेइदा. त्याच्यासाठी मी भिंत मागून घेणार नाही. तो तिकडेच, त्याच्या आत्याच्या गॅरेजात, रोज सराव करून घाम गाळतोय. रोज फोनवर म्हणतो, आई, माझं संपलेलं नाही. त्याची भिंत तो घेईल." ती हे ताठ मानेने बोलली आणि मग पदराला हात पुसावेत तसे अ‍ॅप्रनला कितीतरी वेळ पुसत राहिली. मला भरून आलं. कारण खरं सांगते, त्याला कुणी घेईल असं मलाही वाटत नव्हतं.

जुलैत एका दुपारी मिरेयाचा फोन वाजला. ती कढईतला मासा तसाच टाकून रस्त्याच्या मधोमध आली.

"घेतलं! माझ्या विल्तोनला घेतलं!"

"कुणी?" सगळं दुकान ओरडलं.

"नारिंगीवाल्यांनी."

नारिंगीवाले! चार वर्षांपूर्वी त्यांच्याच हॉलिस नावाच्या फेकणाऱ्याने चेंडू मारून विल्तोनच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. तेव्हापासून आमच्या गावात नारिंगीवाल्यांना शिव्या देणं हा धर्म होता. चीचोने तर रस्त्यावरच्या एका खरजुल्या कुत्र्याचं नाव हॉलिस ठेवलं होतं, आणि येता-जाता त्याच्यावर खडे मारायचा.

"हॉलिस अजून तिथेच आहे का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"आहे," मिरेया म्हणाली. "आता त्याचे चेंडू माझा विल्तोन झेलणार."

संध्याकाळी बघते तर चीचो कुत्र्याला कोंबडीचं तंगडं भरवतोय. "खा बाबा, खा. झालं गेलं विसरून जा." मग आजूबाजूच्यांना दरडावून, "आजपासून हॉलिसला कुणी हाड म्हणायचं नाही. पाहुणा आहे तो!" कालपर्यंत शिव्या, आजपासून ओव्या. असं असतं बघा आमचं. लाज वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. पोरगा जिथे, जीव तिथे.

आता गावात नारिंगी काय होतं? फक्त मोटारसायकलवाल्यांची जाकिटं. ती त्यांनी धुऊन इस्त्री केली. चीचो नारिंगी रंगाचा डबाही घेऊन आला, पण मिरेयाने त्याला पत्र्याखालूनच झापलं. "विचारल्याशिवाय निळी केलीस ना? आता राहू दे निळी. माझा पोरगा अजून बाकावर बसलाय. त्याने एक तरी चेंडू मारू दे."

घोडामैदान जवळच होतं. पुढच्या रविवारी दुपारी नारिंगीवाले आणि निळेवाले समोरासमोर. म्हणजे विल्तोन आणि योएल्विन.

त्या रविवारी माझ्या दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तांदळाच्या पोत्यांवर माणसं, बर्फाच्या पेटीवर माणसं. डोक्यावर निळ्या टोप्या, अंगात नारिंगी जाकिटं. ध्यानं दिसत होती सगळी. झुनिल्दा टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत. मिरेया मात्र आली नाही. निळ्या भिंतीच्या आत पाऊल टाकणार नाही म्हणाली आणि पत्र्याखाली रेडिओ घेऊन मासे तळत बसली.

डाव संपत गेले, विल्तोन बाकावरच. योएल्विनने दोन अफलातून झेल घेतले आणि प्रत्येक झेलाला दुकान ओरडलं, पण मन मोकळं करून नाही. एक डोळा सगळ्यांचा बाकाकडे. झुनिल्दाने तर टाळीही वाजवली नाही.

शेवटचा डाव. नारिंगीवाले एका धावेने मागे, त्यांचे तीनातले दोन गडी बाद, आणि धाव पुरी करायला टपलेली दोन माणसं बेसवर उभी. आणि त्यांच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने बाकाकडे मान हलवली. विल्तोन उठला. उठताना त्याने गुडघ्यावर हात ठेवला, ते कॅमेऱ्याने दाखवलं.

"नको रे, नको," चीचो डोळे झाकून म्हणाला. "आज नको. बाद झाला तर मिरेया माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही."

"तोंड बंद कर," झुनिल्दा म्हणाली. तेवढंच ती त्या दुपारी बोलली होती.

पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. अजून एक हुकला की खेळ खलास, आणि कदाचित विल्तोनचाही. चौतिशीतल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण बोलावतं? टीव्हीवर निळेवाल्यांचा फेकणारा चेंडू चोळत उभा होता. मागे, मैदानाच्या मध्यावर, योएल्विन वाकून तयार.

आणि रस्त्यापलीकडून मिरेयाची किंकाळी आली.

आमच्याकडे रेडिओ पुढे चालतो आणि टीव्ही मागून रखडत येतो. टीव्हीवर दिसायच्या आधी काही क्षण रेडिओवाल्याला सगळं कळलेलं असतं. टीव्हीवरचा फेकणारा अजून चेंडूच चोळत होता, आणि तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण काय? किंकाळीवरून काय कळणार! रडली की हसली?

मग टणटण असा आवाज सुरू झाला. मिरेया झाऱ्याने कढई बडवत होती.

"मारला!" चीचो किंचाळला. "मारलाय त्याने!"

"अजून चेंडू टाकलाच नाही!" दुसरा ओरडला.

"टाकू दे की! मारलाय!"

कधी नव्हे ते आम्ही असे बसलो होतो, निकाल खिशात आणि सामना समोर. टीव्हीवर फेकणाऱ्याने हात मागे नेला. विल्तोनने बॅट खांद्यावरून उचलली. मी त्याच्याकडे बघायचं सोडून झुनिल्दाकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. रस्त्यापलीकडे जे सुख कढई बडवत होतं, ते तिच्याच पोराला हरवून आलं होतं. आणि ती बाई उठली.

चेंडू बॅटवर बसला त्या आवाजाने दुकानाचे पत्रे हादरले. का आमच्याच ओरडण्याने, देव जाणे. चेंडू उंच गेला, मध्याकडे. योएल्विन पाठ करून कुंपणाकडे धावत सुटला, हरणासारखा. झुनिल्दाने ते पाहिलं नाही. तिने पोती ओलांडली, चीचोला कोपराने बाजूला केलं आणि ती दाराबाहेर पडली. टीव्हीवर तिच्या पोराने हात वर करून उडी मारली तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध होती, आणि तिच्यासाठी करकचून थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर तिला शिव्या घालत होता.

चेंडू योएल्विनच्या हातमोज्यावरून, कुंपणावरून पलीकडे गेला. बेसवरचे दोघे आणि विल्तोन, तीन धावा. सामना खलास. दुकानात कोण कुणाच्या गळ्यात पडलं कळेना. मी चीचोचा गालगुच्चा घेतला, तोही जोरात, दाढेचा हिशोब धरून. सगळे दारात कोंबले गेलो, कारण खरा खेळ आता पलीकडे होता.

मिरेया हातात झारा घेऊन उभी होती, तोंड रडून लाल. झुनिल्दा तिच्यासमोर येऊन थांबली. धाप लागलेली, टोपी वाटेत कुठेतरी पडलेली.

मिरेयाने तिच्याकडे पाहिलं. "योएल्विनच्या डोक्यावरून गेला, कोमाद्रे," ती म्हणाली. आवाजात थोडी लाज होती, जणू चेंडू तिनेच मारला होता.

"जाऊ दे गं!" झुनिल्दा ओरडली आणि तिने झाऱ्यासकट तिला मिठी मारली. "त्याच्यापाशी अजून पंधरा वर्षं आहेत! आज आपला थोरला जिंकला!"