पहिल्या माशाचे काटे

नदी आटली आणि सगळी वस्ती खूश झाली. तामशला संताप आला तो याचाच.

कालपर्यंत गळ्याएवढं पाणी वाहत होतं, तिथे आज ओले धोंडे उघडे पडले होते आणि डबक्याडबक्यांत मासे तडफडत होते. पोरं ते हातानं उचलत होती. बाया चिरून मांडवावर धुरी देत होत्या.

"हे पाणी वर बर्फानं अडवलंय," तामश सासऱ्याला म्हणाली. "माझ्या माहेरी नदी अशी बारीक झाली की लोक पोरं उचलतात आणि कडा चढतात."

"तुझ्या माहेरी मासा तरी धड चिरता येतो का कुणाला?" होकुल म्हणाला. बाया खिदळल्या.

वस्ती हलायची नव्हती, कारण काटे होते. मोसमातल्या पहिल्या माशाचे काटे गुडघाभर वाहत्या पाण्यात सोडल्याशिवाय कुणी तळ उठवायचा नाही. आणि तो मासा ज्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला, त्यानं तोवर काट्यांच्या टोपलीपाशी बसून राहायचं. यंदा तसं पोर एकच होतं. तामशची इसी.

"मामंजी, आहे त्या धारेत सोडा ना काटे."

"घोट्याएवढ्या पाण्यात? मासे परत येणार कशातून, तुझ्या थुंकीतून? माझ्या बापाच्या वेळीही आटली होती. आली परत गपगुमान."

"आणि गपगुमान नाही आली तर?"

"तामश, पुरे," तिचा नवरा वेनाक मासा चिरताचिरता म्हणाला. "चारचौघांत काय तमाशा लावलायस?"

ती इसीपाशी गेली. पोरीचं नाक पुसलं. केसांना धुराचा वास येत होता. "चल, राणी."

"मी नाही उठणार. मी उठले तर मासे रुसतील. आजोबा म्हणाले."

एवढ्याशा मांडीवर अख्ख्या वस्तीची भीती आणून ठेवली होती या लोकांनी, आणि पोर ती अभिमानानं सांभाळत होती! तामशच्या डोक्यात तिडीक गेली.

तेवढ्यात तिला शेजारचं डबकं दिसलं. वारा नव्हता, मासा नव्हता, तरी पाणी थरथरत होतं.

"मामंजी, हे बघा. वेनाक, बघ!"

होकुलनं पाहिलं. वेनाकनंही मान वळवली. मग होकुलनं शांतपणे त्या डबक्यात पाय ठेवला. "थांबलं बघ," तो म्हणाला.

तामशनं टोपली उचलली. "इसी, काटे निघाले. त्यांच्यापाशी बसायचं ना तुला? मग धाव!"

मागे एकच गिल्ला झाला. "चोरटी! धरा तिला!" होकुलचा गुडघा दुखरा, त्यानं जागेवरूनच सगळ्यांना पिटाळलं. हातातल्या सुऱ्यांसकट माणसं धावली, लेकुरवाळ्या पोरं काखेत मारून धावल्या. तामशनं रडणाऱ्या इसीला कमरेवर घेतलं आणि कडा चढायला लागली. तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. चालू दे. मागची पावलं रेंगाळली की ती वळायची आणि टोपली दरीवर हलवायची. "या की! हिंमत असेल तर घ्या हिसकावून! नाहीतर टाकते खडकात!"

माथ्यावर वेनाकनं तिचा दंड धरला. मारायला हात उगारला, तो तसाच राहिला.

आधी गार, धुळकट वारा आला. मग आवाज. मग पाणी. नदीच्या वाटेनं नाहीच, समोरचा अख्खा डोंगरमाथा ओलांडून ते तपकिरी पाणी कोसळलं, टेकडीएवढे बर्फाचे तुकडे आणि उपटलेलं रान घेऊन. मांडव, धुरी, मासे, आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला होकुल. हाक मारायलाही वेळ मिळाला नाही.

मग वेनाक म्हणाला, "तू काटे पळवलेस. पोरीला उठवलंस. म्हणून चिडलं पाणी."

माना डोलल्या. आताच थोडक्यात वाचलेल्या माना.

"डबकं थरथरत होतं तेव्हा काटे कुठं होते?" तामश ओरडली. "तुझ्या बापानं त्यात पाय ठेवला. पाहिलंस की नाही?"

तो दुसरीकडे बघायला लागला. त्याची हनुवटी हलत होती. बाप गेला होता त्याचा, हे तिला कळत होतं. तरी राग हटेना.

तिच्या मानेशी इसी पुटपुटली, "आई, मी उठले म्हणून आजोबा गेले?"

"नाही!" तामश इतक्या जोरात म्हणाली की पोर दचकली. तिनं इसीला खाली ठेवलं, वेनाकच्या पुढ्यात उभं केलं. "सांग हिला. बाप आहेस ना? तू सांग."

वेनाकनं लोकांकडे पाहिलं. मग पोरीकडे. ती थंडीनं कुडकुडत, त्याच्या तोंडाकडे टक लावून उभी होती.

"नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मोठ्यानं," तामश म्हणाली. "खाली पाणी गर्जतंय. तिला ऐकू आलं नाही."