पासष्ट किलोची हवा

अहो, इकडं बघा. शिलाई मशीनच्या बाजूला, त्या बिनडोक्याच्या पुतळ्यामागं. मी बोलतेय, पुतळा नव्हे. त्याला बिचाऱ्याला तोंडच नाही. मी बॅटरीवरची सायकल, डोंगर चढणारी. रुंद चाकं, पोटात मोटर, पुढं एक आणि सीटखाली एक असे दोन शॉकअप. त्या शॉकअपांत स्प्रिंग नाही बरं का, नुसती हवा भरलेली. माझी सगळी कहाणी त्या हवेची आहे, तेवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं.

जन्माचं पाल्हाळ लावत नाही. कारखान्यात जन्मले, खोक्यात झोपून आले, दुकानात उभी राहिले. बरोबरच्या बहिणी एकेक करून घरोघरी गेल्या. माझ्या वाट्याला आली ट्रायल. कोणीही यावं, माझ्यावर बसावं, गल्लीत चक्कर मारावी, आणि घेऊन जावी खोक्यातली कोरी. बघायला मी आणि नांदायला दुसरी!

त्यापायी माणसं मात्र खूप बघितली. एक जण आला, "एका चार्जिंगमध्ये किती लांब जाते?" असं दहादा विचारून दुकानातल्या मेस्त्रीचं डोकं खाल्लं. जणू समुद्रापार निघाला होता. नंतर कळलं, कोपऱ्यावरून पाव आणायला वापरतो. एका बाईनं माझा रंग आपल्या बुटांना लावून बघितला. एका पहिलवानानं सगळ्यात जड, सगळ्यात दांडगी सायकल निवडली आणि घर निघालं चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद. आता रोज खांद्यावर घेऊन चढतो. सायकल त्याला नेते की तो सायकलला, कळत नाही.

आमचा मेस्त्री म्हणून तर गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी धरून बसवायचा. "नेणार कुठं? उचलणार कोण? बसणार कोण?" आणि शेवटी हळूच, "वजन किती?" कारण वजनाप्रमाणं शॉकअपात हवा भरावी लागते. माणूस बसला की मी जराशी दबले पाहिजे, मग दगडधोंडे मी गिळते, त्याच्या हाडांपर्यंत जाऊ देत नाही. हवा जास्त झाली तर मी लाकडाच्या ओंडक्यासारखी. पण वजन विचारलं की लोक असे काही लाजतात! पोट आत ओढून आकडा सांगतात, जसं काही मेस्त्री डोळ्यांनीच तोलणार आहे.

अशी मजेत होते, आणि एक दिवस ताई आली.

ताई म्हणजे शिवणवाली. गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचणी, बाहेर निघताना काढायची विसरलेली. ती टाचणी काढून पदराला खोचत म्हणाली, "मला नको सायकल, माझ्या धाकट्या बहिणीला हवीय. जन्मभर टपाल वाटलं तिनं सायकलवरून. गावामागची टेकडी आहे ना, पाण्याची टाकी असलेली, तिथवर रोज जायची. आता आजारातून उठलीय, पाय चालत नाहीत पहिल्यासारखे. मोटर असली की जाईल."

"त्यांनाच घेऊन या की. माप घेऊ."

"आमच्या भिंगरीचं माप मला झोपेत विचारा. सगळे कपडे मीच शिवलेत तिचे." आणि तिनं सांगितलं. उंची, हाताची लांबी, पायाची लांबी. सगळं बिनचूक. मेस्त्री फळ्यावर लिहीत गेला.

"वजन?"

ताईनं टेप एका बोटाला गुंडाळली, सोडली. "पासष्ट."

"या मापाची नवी यायला वेळ लागेल. दोन महिने तरी."

"तेवढं थांबता येणार नाही," ताई म्हणाली आणि माझ्या हँडलवर हात ठेवला. "ही चालेल."

मेस्त्रीनं पासष्टची हवा भरली आणि मी सासरी निघाले. वाटेत मी किती फुशारले होते म्हणून सांगू! शेवटी मलाही कोणीतरी निवडलं.

घरात दोघीच. लग्नं केली नाहीत की झाली नाहीत, ते मी विचारलं नाही. पुढच्या खोलीत मशीन, कापडाच्या चिंध्या आणि हा पुतळा. भिंगरी आतून आली, भिंतीला धरत धरत. मला बघून थबकली.

"ताई, हे काय गं? मोटरची? मी काय म्हातारी झाले?"

"नाही बाई, तू कालच जन्मलीस. बस मुकाट्यानं."

"टपालवाल्या बघतील तर हसतील मला."

"हसू देत. त्यांना म्हणावं, मागून या पळत."

भिंगरी हसली आणि माझ्यावर बसली.

मी दबायची वाट बघत राहिले. दबलेच नाही. पाखरू बसावं तशी ती बसली होती. तेव्हा मला कळलं, ताईनं सांगितलेलं माप या बाईचं नव्हतंच. पूर्वी कधीतरी असेल. शिवणवालीनं, जी नुसत्या नजरेनं कंबर मोजते, तिनं मेस्त्रीला जुनं माप दिलं होतं. भरेल अंग परत, असं तिनं मनाशी धरलेलं. आणि भरलं तर हवा आधीच तयार असावी.

पहिल्याच दिवशी दोघी टेकडीकडं निघाल्या. ताई आपल्या जुन्या सायकलवर धापा टाकत मागं. मोटर चालू केली की मी भिंगरीला अशी अलगद पुढं नेत होते! सपाटीवर ठीक होतं. अर्ध्या वाटेत खडी लागते, तिथं माझं काही चालेना. एकेक दगड माझ्या चाकातून वर, सरळ तिच्या मनगटात आणि पाठीत. मी आतून म्हणतेय, बाई थांब, उतर. ती दात चावून बसलेली.

वळणावर ताई दिसेनाशी झाल्यावर भिंगरी थांबली. खाली उतरून तिनं माझी सीट दाबून बघितली. एकदा, दोनदा. सायकलवर उभा जन्म काढलेली बाई, तिला काय सांगायला पाहिजे? शॉकअपच्या टोपणावर तिनं बोट ठेवलं. वाटलं, आता सोडते थोडी हवा. पण बोट काढलं.

"तिनं माझं जुनंच माप सांगितलंय गं," ती मला म्हणाली. "राहू दे. तिला वाटतंय तर राहू दे."

ताई घामाघूम होऊन पोचली. "कशी आहे?"

"लोण्यासारखी," भिंगरी म्हणाली. "पण तुझा जीव बघ केवढा कासावीस झालाय. चल, परत जाऊ."

"हो गं बाई, मीच थकले," ताई म्हणाली.

असं मग दर वेळी. खडीपाशी गेलं की भिंगरी म्हणायची, ताई, तू दमलीस. ताई म्हणायची, हो, मीच दमले. टाकी तिथून दिसायची, पांढरी, वर उन्हात. भिंगरीला तिथवर जायचं होतं एवढंच. बाकी कशाला हट्ट धरला नाही तिनं. तिथून सगळी घरं दिसतात म्हणे, जिथं ती टपाल टाकायची. आणि दर वेळी दोघी एकमेकींवर ढकलून अर्ध्यातनं माघारी.

घरातलं आणखी एक सांगते. दुपारी भिंगरी झोपली की ताई तिचा कोट खुंटीवरून काढायची. दोन्ही बगलांची शिवण उसवायची, थोडा आत घ्यायची, पुन्हा शिवून होता तसा टांगायची. भिंगरीला कोट सैल वाटू नये म्हणून. मशीन पायानं अगदी हळू चालवायची, आवाज नको. मी आणि पुतळा बघत असायचो. कोट आवळत चाललेला, आणि माझ्या शॉकअपात मात्र पासष्टचीच हवा. हात सगळं जाणत होते तिचे, तोंड मानत नव्हतं.

मग एकदा भिंगरीला कोट चढवताना ताईला तिच्या मनगटांवर निळे डाग दिसले.

"हे काय?"

"पडले असेन कुठं."

"पडलीस म्हणे! घरातून माझ्याशिवाय पाऊल टाकत नाहीस, आणि पडलीस कुठं? आकाशात?"

भिंगरीनं माझ्याकडं बघितलं, आणि ताईनं ते बघितलं.

ताईनं मला धरलं आणि तरातरा दुकानात नेलं. गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मेस्त्रीवर तुटून पडली. "कसली सायकल गळ्यात मारलीत हो? माझ्या बहिणीची हाडं खिळखिळी केली हिनं! वापरलेली दिलीत, खराब दिलीत!"

मला इतकं लागलं ते! पण मी काय बोलणार?

मेस्त्रीनं हातातलं काम ठेवलं. माझी सीट दाबून बघितली. "ताई, सायकल चांगली आहे. पण आत पासष्टची हवा आहे. बसणाऱ्या बाईंचं वजन तेवढं आहे ना?"

ताई टेप बोटाला गुंडाळत राहिली, इतकी घट्ट की बोट पांढरं पडलं.

"खरं वजन सांगा," मेस्त्री हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे त्यांना लागणार नाही."

ताई माझ्याशी बोलल्यासारखी खाली बघून बोलली. "अडतीस."

मेस्त्रीनं मान खाली घातली, गुडघ्यावर बसला, टोपण काढलं आणि हवा सोडली. केवढा वेळ येत राहिला तो आवाज. मला हलकं वाटत होतं, आणि ताई माझ्या सीटवर दोन्ही हात टेकून उभी होती, जणू सगळी हवा तिच्यातूनच चालली होती. मेस्त्रीनं काम होईपर्यंत वर बघितलं नाही. भला माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी माझ्यावर बसली, आणि मी दबले. जेवढी दबायला हवी तेवढी. भिंगरी जागच्या जागी थांबली. एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर.

"सांगितलंस?"

"सांगितलं," ताई म्हणाली.

"किती?"

"अडतीस. काट्यावर तेवढीच भरलीस ना रविवारी?"

भिंगरीच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणून सांगू? चोरी पकडलेल्या पोरीसारखं. "छत्तीस, ताई. तुझे कापड दाबायचे लोखंडी ठोकळे असतात ना, ते खिशात घालून उभी राहते मी काट्यावर."

"अगं सटवे!" ताई ओरडली. "आणि मी सगळी खोली उलटीपालटी करतेय दर रविवारी, ठोकळे कुठं गेले, ठोकळे कुठं गेले!"

दोघी हसायला लागल्या. भिंगरीला हसता हसता खोकला आला, ताईला हसता हसता रडू आलं, आणि तिनं भिंगरीला सायकलसकट मिठी मारली. माझं हँडल तिच्या पोटात रुतलं असणार, पण सोडेना.

मग निघालो. अडतीस आणि छत्तीसमधला फरक मी सांभाळून घेतला. खडी आली. दगड येत होते, मी गिळत होते. एकही वर जाऊ दिला नाही. सगळ्यात मोठ्या चढावर भिंगरीनं मोटरचं बटण पूर्ण दाबलं आणि मी जी ढकलली तिला! मागून ताई ओरडतेय, "अगं ए, थांब! मला खरंच दम लागलाय आता!"

टाकीपाशी भिंगरी भिंतीला टेकून बसली. ताई पोचल्यावर तिला बोटानं घरं दाखवत होती. त्या निळ्या दाराचा कुत्रा चावला होता. त्या उंच घरातली म्हातारी रोज विचारायची, माझं काही आलंय का, आणि कधीच काही यायचं नाही, म्हणून मग भिंगरी तिच्याकडं पाणी प्यायचं निमित्त काढून जायची. ताईला यातलं पुष्कळ ठाऊक होतं. तरी ती "हो का?", "मग?" करत राहिली.

"आता मला घरी ने," भिंगरी म्हणाली.

त्यानंतर ती माझ्यावर बसली नाही. खोलीतून कोट मात्र रोज दिसायचा, खुंटीला. ताई तो आवळायची थांबली होती. मग एक दिवस घरात खूप माणसं आली, माझ्याभोवती चपला साचल्या, आणि माणसं गेल्यावर ताई एकटी मशीनवर हात ठेवून बसली. मशीन चालवलं नाही तिनं.

हे मागच्या थंडीतलं. आता ताई मला घेऊन टाकीवर जाते. तिची जुनी सायकल तिला चढवत नाही. पण ताई पडली चांगली भरभक्कम, आणि माझ्यात हवा आहे अडतीसची. ती बसली की मी पार तळाला जाते. प्रत्येक दगडाला आतलं लोखंड लोखंडावर आपटतं, ठण् ठण् करत. परवा मेस्त्री वाटेत भेटला, त्यानं लांबूनच आवाज ओळखला.

"ताई, दोन मिनिटांचं काम आहे, हवा भरू द्या. शॉकअप फुटेल हो. तुम्ही पडाल."

"हात लावू नका," ताई म्हणाली. "तिची बैठक आहे ती."

मेस्त्री बाजूला झाला. कोण काय बोलणार?

म्हणून मी बोलतेय. ताई, ऐक गं. तुझं वजन तू मेस्त्रीला सांग. जे असेल ते सांग, तो हसणार नाही. आतली हवा म्हणजे भिंगरी नव्हे. ती कशी बसायची ते मला हवेवाचून आठवतं. पण अशीच मला आपटत राहिलीस तर एक दिवस त्या खडीतच मी मोडेन, आणि टाकीकडं बघत तू अर्ध्या वाटेवरून चालत माघारी येशील. तेव्हा तुला वर न्यायला या घरात दुसरं कोण आहे?