पुढच्या चाकांची ओढ

अमजदने गाडीखालून हात बाहेर काढला. तळव्यावर काळ्या ग्रीसमध्ये माखलेले लोखंडाचे तुकडे होते. उन्हात धरून त्याने ते उलटसुलट करून पाहिले, आणि पायरीवर जुनं वर्तमानपत्र पसरून एकेक मांडून ठेवले. पुढच्या एक्सलचा क्रॉस. चाक वळलेलं असतानाही त्याच्यापर्यंत इंजिनाची ताकद पोचवणारा, मुठीत मावेल एवढा सांधा. त्याचा चुरा झाला होता.

चूक त्याचीच होती. पनवेलच्या बाजारासाठी मासळी आणायला तो करंजा बंदराला जायचा. आदल्या दिवशी तिथे बर्फ पोचवणाऱ्या शिवाचा टेम्पो चिखलात रुतला होता. अमजदने दोर बांधला, इंजिनाला चारही चाकं जोडली आणि स्टिअरिंग पुरतं वळलेलं असताना पाय दाबला. असं करायचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? ओमानच्या वाळूत फसलेल्या गाड्या ओढून काढण्यात त्याची उमर गेली होती. पण टेम्पो हलत होता, बंदरावरचे लोक बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी अंगात जुनी रग आली होती. खाडकन आवाज झाला आणि पुढची चाकं मेली. मागच्या चाकांवर गाडी तशीच घरी आणली.

मोठ्या वर्कशॉपवाल्याने सकाळी फोनवर सांगितलं, आख्खा एक्सल बदलावा लागेल. त्याने सांगितलेल्या आकड्यात अशी दुसरी गाडी आली असती. नुसता नवा क्रॉस दुकानात स्वस्तात मिळतो, पण चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला ज्या दोन कानांत तो बसतो, त्यातला एक फाकला होता. त्यात नवा क्रॉस घातला तर आठवड्यात पुन्हा हेच. म्हणजे कुठल्यातरी मोडलेल्या गाडीचा शाबूत दांडा शोधायचा, त्यात नवा क्रॉस बसवायचा आणि सगळं हाताने जोडायचं. हाच एक परवडणारा रस्ता होता.

आणि डिसेंबरात त्याची बायको साबिरा येणार होती.

साबिरा मस्कतच्या एका इस्पितळात नर्स होती. दोघंही तिथेच होते इतकी वर्षं. मग अमजदची कंपनी बंद पडली आणि तो परतला. पुण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीचं, जास्मीनचं, शिक्षण पुरं होईपर्यंत साबिराने मस्कतलाच थांबायचं ठरलं. नवरा गावी आणि बायको आखातात, असं मोहल्ल्यात दुसरं घर नव्हतं. लोक तोंडावर काही बोलत नसत. अमजदही मशिदीतून निघाला की कुठे रेंगाळत नसे.

म्हसळ्याच्या वर, सड्याच्या कातळमाळावर, साबिराच्या वडिलांची आमराई होती. तिथपर्यंत जाणारी वाट फुटक्या कातळाची. मागच्या दोन्ही सुट्ट्यांत साध्या गाडीने जाता आलं नव्हतं. म्हणून अमजदने ही जुनी फोर बाय फोर घेतली, आणि घेतली त्याच दिवशी फोनवर तिला शब्द दिला, की या खेपेला तुला वर नेणार.

दुपारी ओळखीच्याचा टेम्पो घेऊन तो पनवेलजवळच्या कोनच्या पुढे दयारामच्या भंगाराच्या वखारीत गेला. दयाराम आधी खडीचा ट्रक चालवायचा. पाठ गेली तशी त्याने भंगार गाड्यांचं काम धरलं. गंजलेल्या सांगाड्यांमधून वाट काढत त्याने अमजदला एका उलट्या पडलेल्या गाडीपाशी नेलं. दांडा निघाला. अमजदने त्याच्या टोकाचे दाते आपल्या तुटक्या दांड्याशी जुळवून पाहिले, कानांच्या भोकांतून अंगठा फिरवला. भोकं गोल होती, कुठे चीर नव्हती.

दयाराम त्याच्याकडे बघत उभा होता.

"अमजदभाई, येक सांगू? खर्चात पडूच नका. दोनी बाजूचे दांडे काढून टाका नि भोकं बंद करा. मागच्या चाकांवर गाडी बेस चालंल. करंजाला जायला यायला काय फरक पडतो?"

अमजद म्हणाला, करंजासाठी नाहीच हे. म्हसळ्याच्या वर सड्यावर जायचंय, आमराईत. तिथे मागची चाकं नुसती जागच्या जागी फिरतील.

"सड्यावर?" दयाराम हसला. "तितं आता डांबर हाय. औंदाच्या पावसाआधीच झालं. त्या रस्त्याला खडी मीच टाकली. रिक्षा जाते वरपर्यंत."

अमजदला वाटलं, हा दुसऱ्या कुठल्या रस्त्याबद्दल बोलतोय. त्याने खोदून विचारलं. दयारामने ओढ्यावरची मोरी सांगितली, वळणावरची दर्ग्याची भिंत सांगितली, आणि शेवटच्या चढाला राहणाऱ्या साबिराच्या भावाचं नावही सांगितलं. अरीबने काम चालू असताना सगळ्या मजुरांना आंबे वाटले होते म्हणे.

वखारीबाहेरून एक्सप्रेसवेचा आवाज येत होता. अमजद अंगठ्याने दांड्यावरचा गंज घासत राहिला.

"हाच द्या," तो म्हणाला.

दयारामने फडकं घेतलं आणि दांडा पुसून त्याच्या हातात दिला.

परतताना अमजदला आधी राग आला. अरीब रोज सकाळी बहिणीला फोन करायचा. झाडाला मोहर आला, कलम वाळलं, वानरं येऊन गेली, सगळं तिला कळायचं. घराच्या दारात डांबर आलं हे तेवढं कळलं नसेल? मग हे इतके महिने काय चाललं होतं?

पण कोनच्या चौकात गाड्या अडकल्या, बसून राहावं लागलं, आणि राग हळूहळू खाली बसला. त्याला गाडी घेण्याच्या आधीचे फोन आठवले. जास्मीनची फी, विजेचं बिल, तिची रात्रपाळी, त्याचं पित्त. ते संपलं की दोघंही गप्प व्हायची, आणि कुणीतरी म्हणायचं, चला, ठेवू या. गाडी आली आणि साबिरा प्रश्न विचारायला लागली. टायर कसले घातले? चारही चाकं जोडायची लिव्हर कुठली? चढावर गाडी मागे आली तर काय करता? जिला कधी पाना आणि पक्कड यांतला फरक कळला नव्हता, ती बाई गिअरबॉक्सबद्दल विचारायची. आणि तो सांगत सुटायचा. एकदा तर तिच्या ड्यूटीची वेळ होऊन गेली होती.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. पुढचा रस्ता कधीच मोकळा झाला होता.

नवा क्रॉस त्याने वाटेत दुकानातून घेतला, पण तो बसवणं हे घाईचं काम नव्हे. त्याच्या चार टोकांवर चार छोटे कप बसतात आणि प्रत्येक कपात आतून सुयांसारखे बारीक रोलर उभे असतात. ग्रीस लावून ते उभे धरायचे. एक जरी आडवा पडला तर कप ठोकताना सगळं बिघडतं. दुसऱ्या दिवशी अमजदने अंगणात बसून एकेक कप भरला. दांडा शिकंज्यात धरला, कप जराजरा दाबत आत नेला, मध्येच थांबून क्रॉस बोटाने हलवून पाहिला. सगळ्या दिशांना तो अलगद वळला. मग लॉक बसवले, दांडा एक्सलच्या नळीत सरकवला आणि चाक चढवलं. उठून उभा राहिला तेव्हा गुडघे कुरकुरले. गाडीत बसून त्याने चारही चाकं जोडली आणि अंगणातल्या अंगणात गाडी पुढेमागे केली, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून पाहिलं. पुढच्या चाकांनी माती धरली. गाडीचं नाक हलकेच पुढे ओढलं गेलं.

साबिराचा फोन आला तेव्हा दुपारनंतरची, असरची नमाज झाली होती. तिने आधी जास्मीनचं विचारलं आणि मग लगेच विचारलं, पार्ट मिळाला का. मिळाला, त्याने सांगितलं. कुठे मिळाला, कसा बसवला, सुया कशा उभ्या धरल्या, तेही सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारली. तिने ओ दिली नाही.

"साबिरा," तो म्हणाला, "तो सड्यावरचा रस्ता..."

"खराबच असणार," ती घाईने म्हणाली. "पावसात आणखी वाहून गेला असेल."

अमजदने फोन दुसऱ्या कानाला लावला. अंगणात नव्या ग्रीसचा वास होता.

"हो," तो म्हणाला. "फार खराब आहे म्हणतात."

पलीकडे तिने श्वास सोडलेला त्याला ऐकू आला.

"मग वर पोचायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागेल. गाडी अगदी सावकाश न्यावी लागेल."

"न्या सावकाश," साबिरा म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"