दक्षिणेची खिडकी

लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचण्यात चौतीस वर्षं गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना मीटरकाकाच म्हणायची. कुणाचं घर हीटरशिवाय उबदार आणि कुणाचं दोन-दोन हीटर लावूनही गारठलेलं, हे त्यांना दारातच कळायचं. स्वतः मात्र ते आणि काकू जन्मभर भाड्याच्या घरात राहिले. उत्तरेकडे तोंड करून बसलेला तिसरा मजला, थंडीत भिंतींना ओल सुटायची. तिथेच काकूंच्या बोटांचे सांधे धरले ते धरलेच. त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. शेवटच्या वर्षी काचेची नळीसुद्धा दोन्ही हातांनी उचलायची पाळी आली होती.

निवृत्तीनंतर दोघांनी गावाबाहेर एक अरुंद, लांबोडका प्लॉट घेतला आणि घराचं वेड डोक्यात घेतलं. घर म्हातारपणासाठी बांधायचं, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. एकच मजला, उंबरा नाही, दारं चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद, नळ कोपराने उघडतील असे. भिंती जाड, आणि दक्षिणेला दुहेरी काचेची एक भलीमोठी खिडकी. हिवाळ्यात सूर्य त्या बाजूने कलून चालतो. तो काचेतून आत येणार, दगडी फरशी दिवसभर तापवणार आणि संध्याकाळी फरशी ती ऊब परत देणार. सगळं घर त्या एका खिडकीवर बेतलेलं होतं.

जमेल तेवढं काम स्वतः करायचं म्हणून काका बासष्टाव्या वर्षी एका गवंड्याकडे विटा रचायला शिकले. सरावाची भिंत त्यांनी गच्चीवर बांधली. घरमालक वर आला, भिंतीकडे बराच वेळ बघत राहिला आणि ही पडणार कधी आणि कुणावर, एवढंच विचारून खाली गेला. काकू आठवडाभर हसत होत्या.

आराखडा काढणारी आर्किटेक्ट त्यांची मुलगी शोभेल एवढ्या वयाची. चार वेळा खोडून पाचव्यांदा नकाशा मनासारखा झाला, तेव्हा तिघं चुन्याची फक्की घेऊन खोल्या आखायला प्लॉटवर गेली. बघतात तर शेजारच्या, दक्षिणेकडच्या जागेत पायाचे खड्डे खणून झालेले.

जागा एका फर्निचरवाल्याची होती. माणूस भला. त्याने होऊन सांगितलं, की खाली कारखाना, वर दोन्ही मुलांची घरं, असं तीन मजली बांधकाम आहे. शेजार चांगला मिळाला म्हणून त्याला आनंदही झाला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू मात्र थोड्या पलीकडे उभ्या राहून आपली खुर्ची खिडकीशी नेमकी कुठे येईल ते पावलांनी मोजत होत्या.

दोन दिवसांनी काका एकटेच आर्किटेक्टकडे गेले. तिने शेजारची इमारत कॉम्प्युटरवर उभी केली आणि तारखा पुढे सरकवत नेल्या. सावली कुंपणावरून आली, तिने अंगण ओलांडलं, खिडकी गिळली. ऐन थंडीचे तीन महिने काचेवर ऊन पडणार नव्हतं.

“घर मागे सरकवलं तर?”

“मागे जागाच नाही, काका. वर एक मजला चढवला तर ऊन मिळेल.”

“आणि जिना कोण चढणार?”

तिने कॉम्प्युटर बंद केला.

मग काका बांधकाम परवानगीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने शेजाऱ्याचे कागद काढून दाखवले. सोडलेलं अंतर बरोबर, उंची बरोबर, सह्या, शिक्के जागच्या जागी. उन्हाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. भांडावं तर भांडायला समोर कुणी नव्हतं. शेवटी ते फर्निचरवाल्याकडे गेले, आणि त्याने सगळं ऐकून घेतलं, हे त्यांना जास्तच लागलं. तो टेप घेऊन बाहेर आला, इकडून तिकडून मापं घेतली. चार फूट मागे घेतलं तर लाकूड कापायचं लांब मशीन बसत नव्हतं. दहा फूट घेतलं तरी सावली खिडकीच्या वरच्या कडेपासून जेमतेम वीतभरच खाली सरकत होती.

“काका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?” त्याने विचारलं.

काकूंना सांगायला त्यांनी आठ दिवस लावले. रोज सकाळी सांगायचं ठरवत आणि रोज काकू पडद्याच्या कापडाचं काहीतरी काढत. शेवटी भाजी निवडताना त्यांनी सांगून टाकलं. काकूंचे हात थांबले.

“म्हणजे ऊन येणारच नाही?”

“उन्हाळ्यात येईल.”

“उन्हाळ्यात काय करायचंय त्याला.”

काकांनी प्लॉट विकून दुसरीकडे बघण्याची गोष्ट काढली. काकूंनी वाकडी झालेली बोटं ताटात पसरली. ही जागा शोधण्यात चार वर्षं गेली होती. “अहो, पुन्हा चार वर्षं आपल्याकडे आहेत का?” त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

आर्किटेक्टने नकाशा सहाव्यांदा केला. ऊन नाही तर मोठी काच उलट ऊब घालवणार, म्हणून खिडकी निम्म्याहून लहान झाली. भिंतीतला ऊब धरून ठेवणारा इन्सुलेशनचा थर वाढला, हीटरसाठी जागा ठेवावी लागली. घर वाईट होणार नाही, तुमच्या आताच्या घरापेक्षा कितीतरी उबदार असेल, असं तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. ते खरंच होतं. काकांनी मान डोलावली आणि सही केली. मग कागद काकूंपुढे सरकवला. पेन त्यांच्या चिमटीत बसेना, तेव्हा त्यांनी ते मुठीत धरलं.

काम सुरू झालं त्या सकाळी पलीकडे पहिल्या मजल्याची स्लॅब ओतली जात होती. फर्निचरवाल्याने कुंपणापलीकडून हात केला. काकांनीही केला. दुसरं काय करणार? गवंड्याने दोरी ताणली, आणि विटांचा पहिला थर लावायला काका गुडघे धरत खाली बसले.