बांधावरची मारवेल

मी मारवेल बोलतेय. नाव ऐकून मोगऱ्याची बहीण समजू नका, मी साधं गवत आहे. अर्थात 'साधं' हा शब्द मी वापरायचा, तुम्ही नाही! जळकोटच्या शिवारात, राजशेखर आणि बलभीम अण्णा यांच्या शेतांमधला बांध हे माझं घर.

माझं रूप बघायला थोडं वाकावं लागतं. काडी बारीक, रसाळ, चवीला गोडसर. प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं नाजूक कडं. फुलोरा आला की शेंड्यावर जांभळट तुरे बोटांसारखे पसरतात. शेजारची कुसळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांत घुसते, माझ्याबद्दल तशी तक्रार कुणाची नाही. उन्हाळ्यात मी वाळते आणि लोकांना वाटतं, संपली. पण मी मुळांत जिवंत असते. चांगली ओल मिळाली की आठ दिवसांत हिरवीगार.

माझी खरी कदर राजशेखरच्या बायकोला, महानंदाला. ती मला ऐन फुलोऱ्यात कापायची आणि जमिनीपासून चार बोटं बुडखा राखायची. महिना-दीड महिन्यात मी पुन्हा तयार! तिची देवणी गाय कडबा बघून तोंड फिरवायची, पण माझा भारा दिसला की दावं ताणायची.

राजशेखरचं वेड निराळं होतं. आमच्याकडं बांध नुसत्या मातीचा, चकाचक दिसला की शेतकरी टापटिपीचा ठरतो. एका श्रावणात बलभीम अण्णा म्हणाले, "राजशेखर, सोयाबीन झ्याक हाय, पर बांध लई घाण झालाय बघ."

झालं! महानंदा तेव्हा नळदुर्गला माहेरी गेली होती. पठ्ठ्यानं पाठीवर पंप चढवला आणि सगळा बांध तणनाशकानं भिजवून काढला.

ती परतली तेव्हा मी पिवळी पडले होते.

"अवो, ह्ये काय केलं? गायीला काय घालू आता?"

"गवातच तर हाय. पावसानं उगवंल की पुन्यांदा."

"मुळासकट जळालंय. न्हाय यायचं आता."

ती खरं बोलत होती. पानांवरचं विष मुळांपर्यंत उतरलं होतं. अख्ख्या बांधावर माझा एकच ठोंब वाचला, हद्दीच्या दगडाआड, फवारा पोचला नाही तिथं. तोही गेला असता तर या शिवारात मी उरलेच नसते. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? महानंदानं त्या ठोंबाभोवती बाभळीच्या काट्या रचल्या आणि नवऱ्याला बजावलं, "हिकडं पंप आणला तर माझ्याशी गाठ हाय."

पुढच्या पावसाळ्यात तिनं तो ठोंब खणला, मुळांसकट फुटवे वेगळे केले आणि गोठ्यामागच्या मुरमाड तुकड्यात दीड-दीड फुटावर लावले. अकरा फुटवे जगले. मी पाणी फारसं मागत नाही, दोन खुरपण्या मात्र तिनं मन लावून केल्या. दोन वर्षांत तो तुकडा माझ्यानं भरून गेला. काय बाई आहे!

इकडं उघडा बांध तीन ठिकाणी फुटला. राजशेखरची काळी माती अण्णांच्या रानात जाऊन बसली. त्यानं दोनदा दगड रचले, दोन्ही वेळा ते ढासळले. मग एका सकाळी तो गोठ्यामागं येऊन उभा राहिला.

"महानंदा, थोडं ठोंब देतीस का?"

तिनं लगेच कुदळ उचलली. ओल्या पोत्यात ठोंब गुंडाळले आणि निघाली. त्यानं खड्डे घेतले, तिनं मला लावलं, आणि माझ्या बुडाशी माती त्यानं स्वतःच्या हातानं दाबली. माझा राग त्या दिवशी गेला.

आता बांध गच्च झालाय. माझ्या मुळ्यांनी माती घट्ट धरली आहे आणि गायीला रोज ओला भारा मिळतो. तुमच्या बांधावर मी असेन तर मला खत नको, कौतुकही नको. फक्त फवारण्याआधी एकदा वाकून बघा.

परवा वाशीहून राजशेखरचा मेहुणा आला होता. तो माझ्यावर पाय देऊन बांध ओलांडू लागला. तसं पायाखाली आल्यानं मला काही होत नाही, पण राजशेखर लांबून ओरडला, "पाव्हणं, जरा बाजूनं या! मारवेल हाय ती."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.