येसूचा रुसलेला जावई

आम्हाला मुलगी झाली नाही, तरी जावई होता. ते नाव माझ्या बायकोनं, येसूनं दिलेलं. परसातल्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर एक बेडूक येऊन बसायचा. पाठ सोनेरी, कुशी काळ्या, आणि तोंड असं की मानपानात काहीतरी कमी पडलंय. संध्याकाळी तो ओरडला की येसू चुलीपुढून म्हणायची, "व्हय व्हय, ऐकलं! भांडी घासून टाकू दे आधी." तो परत ओरडायचा, ती परत उत्तर द्यायची.

गेल्या वर्षी येसूला फ्लू झाला. तो छातीत उतरला आणि ती गेली. त्यानंतर संध्याकाळी घरात आवाज काय तो त्या बेडकाचा. मी उत्तर देत नव्हतो. ते काम तिचं होतं. डोण मात्र कधी रिकामी पडू दिली नाही.

यंदा श्रावणात शिल्पा आली. बेळगावची पोर, बेंगळुरूच्या कुठल्याशा प्रयोगशाळेत काम करते. वनखात्याचा परवाना घेऊन आमच्या गुंद गावात बेडूक शोधत फिरत होती. शेजारच्या वासूनं तिला थेट माझ्या दारात आणलं.

"ह्या पुंडलिकाकडं हाय बघ एक. दिवसभर नुसतं बसून ऱ्हातंय."

"बेडूक का?" तिनं विचारलं.

"दोघंबी."

शिल्पानं मला नीट समजावून सांगितलं. बेडकाची कातडी कायम ओली. तिच्यावर जंतू वाढू नयेत म्हणून अंगातून एक रस पाझरतो. केरळातल्या एका बेडकाच्या रसात फ्लूच्या काही विषाणूंना फोडणारा पदार्थ सापडलाय. उंदरांवर गुण आला, पण माणसाचं औषध व्हायला अजून बराच पल्ला आहे. आमच्याकडच्या बेडकांत काय आहे, ते तिला बघायचं होतं.

"मारणार न्हाईस न्हवं?"

"नाही मामा. रस धुऊन घ्यायचा आणि होता तिथंच सोडायचा. परवा यंत्र घेऊन येते."

फ्लूचं नाव ऐकल्यावर मी नाही कसा म्हणणार?

आता घरी पाहुणी येणार. येसू असती तर गणेशचवथीसारखं सगळं घर धुऊन काढलं असतं. मी अंगण सारवलं, मग डोणीकडं वळलो. शेवाळ काथ्यानं खरवडून काढलं, साबण लावून धुतलं, कडेचं अळू उपटलं, आतबाहेर चुना फासला. डोण पांढरी शुभ्र झाली.

"आता हितं देव बसवायचा तेवढा ऱ्हायला," वासू म्हणाला.

त्या संध्याकाळी जावई ओरडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी जेवायला बसलो आणि ताट तसंच सरकवलं. येसूशी बोलणारं एवढंच एक उरलं होतं, तेही मी माझ्या हातानं घालवलं.

शिल्पा आली, डोण बघितली आणि कपाळाला हात लावला. "मामा, हे कुणी केलं?"

"तुझ्यासाठीच की."

"अहो, बेडूक कातडीनं पाणी घेतो. साबण, चुना त्याला कसा सोसणार?"

"म्हंजे जावई रुसला," वासू म्हणाला. "मग बसलास काय असा? सासऱ्यानं समजूत काढायला नको? आमच्या जावयाला घड्याळ घेतल्यावर तो मांडवात आला."

"ह्याला घड्याळ बांधू कुठं?" मी म्हटलं. बऱ्याच दिवसांनी मी हसलो.

मग आम्ही तिघांनी मिळून डोण पुन्हा घाण केली. चुना खरवडला, पाणी बदलत राहिलो, पांढरट दिसायचं थांबेपर्यंत. व्हाळाच्या पात्रातून शेवाळलेले दगड आणले, गढूळ पाणी आणलं, कुजका पाला आणला. अळू परत लावलं. डोक्यावर दगडांची पाटी घेऊन वासू वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "बाजूला व्हा, जावयाचं रुखवत चाललंय!"

शिल्पा वासूच्या घरी राहिली. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी आवाज आला. आला तो वासूच्या न्हाणीमागून.

"शेजारी जाऊन बसलाय की!" वासू उठला. "धरून आणतो."

"नको," मी म्हटलं. "त्याचा त्यो येऊ दे."

तो परत ओरडला. मग गप्प. आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी मीच घसा साफ केला. वासू आणि शिल्पा ऐकत होते, लाज वाटत होती, पण म्हटलं, "व्हय व्हय, ऐकलं!"

उत्तर आलं, आता जरा जवळून. मी परत बोललो. कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं अळूचं पान हललं आणि डोणीच्या काठावर सोनेरी पाठ दिसली.

शिल्पानं ओल्या हातानं त्याला अलगद उचललं. पाठीला यंत्र टेकवून विजेचा हलका झटका दिला, सुटलेला रस धुऊन बाटलीत घेतला.

"जावयाला चिमटा काढलास," मी म्हटलं.

"मुंगी चावल्याएवढा, मामा."

काठावर ठेवल्याबरोबर त्यानं पाण्यात उडी मारली. आता परत रुसतोय की काय, म्हणून माझा जीव खालीवर. सकाळच्या बसनं शिल्पा बाटली घेऊन गेली. औषध होईल तेव्हा होईल. येसूच्या कामी ते यायचं नाही, पण कुणाच्या तरी येसूच्या येईल.

संध्याकाळी मी चुलीपुढं होतो. परसातून हाक आली.

"व्हय व्हय, ऐकलं!" मी ओरडलो. "भांडी घासून टाकू दे आधी."